चंद्रीचं एक नंबरचं गुणसूत्र

रत्ना, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी हसले. वंदना नुकतीच संपली होती. लोक रांगेनं तुझ्या फोटोला फुलं वाहत होते. माझी पाळी आली, आणि फुलं उचलण्याआधी कपाळावर आलेले केस मागं सारायला मी हात वर नेला. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली तुझी आई, म्हणजे माझ्या मावशी, एकदम ओरडली, "हात!"

सगळा हॉल दचकला. माझा हात तिथंच अधांतरी. मावशींनाही कळलं आपण काय बोलून गेलो ते. त्यांनी पदर तोंडाशी धरला, त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग मलाही आवरेना. आम्ही दोघी तुझ्या फोटोसमोर हसलो, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलंच नाही. लोकांना वाटलं असेल, दुःखानं बायका भ्रमिष्ट झाल्या. त्यांना कुठं ठाऊक, की हा एक शब्द ओरडत मावशींनी दीड महिना प्रयोगशाळेच्या दारात स्टुलावर बसून काढला होता, आणि त्या एका शब्दावर तुझं सगळं काम उभं आहे.

आधी तुझ्यावरचा राग सांगून टाकते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल. आजारी आहेस हे तू मला सांगितलं नाहीस. दिवाळीत फोनवर तासभर भांडलीस, माझ्या क्लासच्या फळ्यावरच्या आकृत्यांना नावं ठेवलीस, आणि स्वतःबद्दल म्हणालीस, "जरा थकवा हाय, बाकी मजेत." मी शिकवते काय, तर जीवशास्त्र. आणि मला तुझ्या आवाजातला थकवा ओळखता आला नाही. असो. तू नेहमी पुरावा हातात आल्याशिवाय बोलायची नाहीस. यावेळी पुरावा माझ्या हातात फार उशिरा आला.

आपण भेटलो नांदेडला, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, भूकंप होऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हा. मी लातूरच्या शिक्षकाची मुलगी, कडक इस्त्रीची ओढणी आणि प्रथम श्रेणीची गुणपत्रिका घेऊन आलेली. तू निलंग्याकडच्या खेड्यातली. तुझं घर भूकंपात पडलं होतं. माणसं वाचली आणि म्हैस वाचली, कारण ती शेतात बांधलेली होती. तुझी आई तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहून लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची. पहिल्याच आठवड्यात मी तुला विचारलं होतं, एवढी बारीक कामं करायला कुठं शिकलीस? तू म्हणालीस, "वाकळीवर. इतभर कापडाला किती टाके बसतात, मोजून बघ एकदा."

आपलं काम काय होतं, हे मी आता दरवर्षी क्लासमध्ये मुलांना सांगते, म्हणून सोपं करून सांगायची सवय लागली आहे. जनावराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. दूध किती, रोग कोणता सोसेल, हे ठरवणारी जनुकं त्यावर कुठं कुठं बसलेली आहेत याचा नकाशा करायचा, तर आधी एकेक गुणसूत्र वेगळं काढायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईनं तेवढं एकच खरवडून घ्यायचं, त्यातल्या डीएनएच्या लाखो प्रती करायच्या, त्यांचे तुकडे जिवाणूंच्या पोटात भरून ठेवायचे. मग ते जिवाणू वाढवले की तुकडेही वाढतात, हवे तेव्हा, हवे तितके. त्याला आपण ग्रंथालय म्हणायचो. एकाच गुणसूत्राचं ग्रंथालय, ज्यात दुसऱ्या कोणाचं एक पानसुद्धा मिसळता कामा नये.

कोणाचं करायचं यावरून आपलं पहिलं भांडण. मला देवणी गाय हवी होती. वडिलांनी लहानपणी प्रदर्शनात देवणी वळू दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांत भरलेली. तू म्हणालीस, "गाईची गुणसूत्रं बघितलीस का? सगळी गाजरावानी, एका टोकाला निमुळती. हे कोन आन ते कोन, देवाला बी सांगता यायचं न्हाई. म्हशीच्या पाच जोड्यांना दोन्हीकडून भुजा हायत. एक नंबरची जोडी तर आंधळ्याला दिसंल." मी म्हटलं, गाईचं नाव मोठं होईल. तू एवढंच म्हणालीस, "गाईला पूजायला समदा मुलूख हाय. म्हशीला कोन हाय?"

सर ऐकत होते. आपले मार्गदर्शक दिवसाला दहा वाक्यं बोलत, त्यातलं एक त्यांनी तुझ्यावर खर्च केलं. "म्हैस घ्या."

आणि म्हैस म्हणजे कोणती? तर तुझीच, चंद्री. तू सुट्टीत गावी गेलीस आणि तिच्या मानेतून रक्त काढून थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीनं घेऊन आलीस. मावशी म्हणाल्या होत्या म्हणे, "इतकी वर्सं तिचं दूध खाल्लं, आता रगत बी न्या." वर तिच्या शिंगाला हळदकुंकू लावून तिची माफीही मागितली होती. आपल्या पेशींच्या नोंदवहीत जनावराच्या रकान्यात तू 'मराठवाडी म्हैस, मादी' लिहिलंस आणि कंसात 'चंद्री'. सरांनी कंस खोडला नाही.

पहिलं ग्रंथालय करायला चार महिने लागले. सुया तूच ओढायचीस. काचेची नळी ज्योतीवर धरून अशी खेचायचीस, की टोक डोळ्याला दिसायचं नाही, फक्त तिथं काहीतरी आहे असं वाटायचं. माझ्या दहातल्या नऊ मोडायच्या. तुझ्या दहातली एक. तू श्वास रोखून एक नंबरचं गुणसूत्र खरवडायचीस, ते सुईच्या टोकाला चिकटायचं, मग ते टोक नळीतल्या थेंबात मोडून सोडायचीस. अशी बारा. मी शेजारी वेळ लिहून घ्यायची आणि मत्सरानं जळायची. हे मी तुला कधी सांगितलं नाही. जळायची मी.

मग परीक्षेचा दिवस. त्या ग्रंथालयाला चमकणारा रंग जोडून तो चंद्रीच्या सगळ्या गुणसूत्रांवर सोडायचा. तुकडे आपलं मूळ गुणसूत्र शोधून त्यालाच चिकटतात; ग्रंथालय खरं असेल, तर चंद्रीच्या पन्नासातली फक्त दोन, पहिली जोडी, उजळून निघणार. आपण अंधाऱ्या खोलीत गेलो. काहीच उजळलं नाही. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. काळोख. शेवटी सर म्हणाले, माणसाच्या गुणसूत्रांची काचपट्टी लावून बघा. लावली, आणि सगळी पट्टी झगमगली.

तू डोळा लावून बघितलंस. मग बाजूला झालीस आणि म्हणालीस, "ही म्हैस न्हाई. ही मी हाय."

आपण चार महिने खपून चंद्रीचं नाही, तुझं ग्रंथालय बांधलं होतं. कसं झालं ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं. तुझ्या पाठीशी उभी होते. सुई उचलण्याआधी तुझा हातमोजा घातलेला हात सहज वर गेला, भांगाजवळच्या केसांतून बोटं फिरली आणि मग सुईकडे आली. वाकळ शिवणाऱ्या बाया सुई केसांतून फिरवून घेतात, तेलानं ती जाड कापडातून सुरकन जाते, तसं. तुला ठाऊकही नव्हतं. लहानपणापासून आईचं बघून हाताला लागलेलं वळण. एका कोंड्याच्या कणात जेवढी तू असतेस, तेवढ्यानं चंद्रीची बारा गुणसूत्रं बुडवली.

आणि यानंतर मी जे केलं, ते लिहायला मी ही वही उघडली आहे.

त्या दिवसापासून तू सूक्ष्मदर्शकावरून उठलीस, की मी स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायला लागले. भिंग पुसायची, चक्र्या पुसायची, इथपर्यंत ठीक. पण मी स्टूलही पुसायला लागले. लोखंडी स्टूल, ज्याचा डीएनएशी काही संबंध नाही. तू दोन दिवस बघितलंस. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर, आवाज न चढवता विचारलंस, "माधुरी, सर उठल्यावर बी स्टूल पुसतीस का?"

मी म्हणाले, "नियम आहे."

"कोनाचा?"

 तुला उत्तर माहीत होतं, मलाही होतं, खोलीतल्या सगळ्यांना होतं. आमच्या घरी तुझ्या समाजातलं कोणी आलं, तर पाणी द्यायचे वेगळे पेले होते, ते आजीच्या काळापर्यंत. मी शिकलेली, पेले मोडीत काढलेल्या घरातली. तरी माझ्या हातालाही एक वळण होतं, तुझ्या हातासारखंच, न बघता लागलेलं. तुझं एका दिवसात सगळ्यांना कळलं. माझं नियमाच्या नावाखाली झाकून गेलं.

महिन्याभरात मी नांदेड सोडलं. कारण सांगितलं वडिलांच्या निवृत्तीचं. लातूरला तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, डाळ मिलच्या गोदामात बाकं टाकून मुलं बसवत होते, आणि बायो शिकवणाऱ्या बाईला मान होता. पण मी तुझ्या त्या प्रश्नाला घाबरून पळाले, रत्ना. बाकी सगळ्या सबबी.

तू मात्र कुठंच पळाली नाहीस. सरांनी सांगितलं होतं, प्रकल्पाची मुदत मार्चअखेर, मग सूक्ष्मदर्शकाचं यंत्र दुसऱ्या विभागाला जाणार. शिवाय त्या विभागातला एक मोठा माणूस बोलून गेला होता, की असली नाजूक कामं सगळ्यांच्या हातची नसतात. तू दात-ओठ खाल्ले असशील, पण केलंस काय? गावाला जाऊन आईला घेऊन आलीस. डोक्याला टोपी बांधली तरी हात वरच जायचा, टोपीवरून फिरून सुईकडे यायचा. मग मावशींना काचेच्या दाराबाहेर स्टूल दिलंस आणि सांगितलंस, माझा हात डोक्याकडं गेला की ओरडायचं.

मावशी ओरडल्या. सकाळी दहापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत, रोज. "हात!" शिपाई हसले, मुली हसल्या, सरसुद्धा एकदा हसले म्हणे. मावशी म्हणायच्या, "म्याच लावली खोड, म्याच मोडीन." मांडीवर वाकळ, हातात सुई, नजर तुझ्यावर. आणि गंमत म्हणजे त्या स्वतः मात्र दर चार टाक्यांनी आपली सुई आपल्या केसांतून फिरवत होत्या.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मला क्लासच्या ऑफिसात फोन आला. पेशीविभाजन शिकवता शिकवता मी उठून गेले. तू फक्त म्हणालीस, "उद्या दुपारी काचपट्टी बघनार. तू ये. तू नसलीस तर मी बघनार न्हाई."

मी विचारलं, "आणि काही दिसलं नाही तर?"

"तर तुझ्या क्लासात नोकरी लाव मला."

एसटीत मी सारखी हेच घोकत होते, की दिसू दे. रत्नासाठी दिसू दे. आणि खरं सांगू, माझ्यासाठी पण. नाही दिसलं, तर मी तुला तोंड कसं दाखवणार होते?

खोली अंधारी केली. तू बसलीस. बाहेर मावशी, सर, दोन मुली. तू हळूहळू चक्री फिरवत होतीस. मग थांबलीस.   मी म्हटलं, "रत्ना?" तू उठलीस आणि स्टुलावरून बाजूला झालीस.

मी थेट स्टुलावर बसले. तुझ्या अंगाची ऊब त्या लोखंडावर तशीच होती, आणि भिंगाच्या कडेला तुझ्या डोळ्यातलं पाणी लागलेलं होतं. बोळा हाताशी होता. मी उचलला नाही. डोळा लावला. निळसर अंधारात अठ्ठेचाळीस मुकी गुणसूत्रं, आणि त्यांच्यामध्ये दोन, लांब, दोन्ही भुजा पसरलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी-हिरवी पेटलेली. दुसरीकडं कुठं ठिपका नाही. ज्वारीच्या रानात दोनच दिवे लावावेत तशी. मी ओरडले, "चंद्री!" आणि बाहेरून मावशींनी सवयीनं ओरडून घेतलं, "हात!"

त्या दिवशी आपण जे नाचलो, तसं मी माझ्या लग्नातही नाचले नाही. सरांनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं. तो यंत्र न्यायला आलेला मोठा माणूस भिंगातून बघून नुसता मान हलवत राहिला, आणि तू त्याला अगदी अदबीनं पेढा दिलास. "घ्या साहेब, माझ्या हातचा घ्या."

पुढं त्या ग्रंथालयातल्या खुणा कुठं कुठं गेल्या, किती जनुकांचे पत्ते त्यावरून लागले, ते तू मला दर भेटीत सांगायचीस आणि मला निम्मं समजायचं. आता तर अख्ख्या म्हशीचं सगळंच वाचून झालंय, यंत्रं आपोआप वाचतात. पण कोणाच्या तरी नकाशावरची पहिली वाट तुझ्या सुईनं पाडलेली होती.

आपलं एक भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस, लातुरात पोरांना बरोबर उत्तरं पाठ करायला शिकवता, चुकायला कोण शिकवणार? मी म्हणायची, गरिबाच्या पोराला चुकायची ऐपत नसते. मला अजूनही माझं पटतं. पण तू एकदा म्हणालीस, "एक तरी पोरगी माझ्याकडं चुकायला पाठव." मी पूजाला पाठवलं. डॉक्टरकी थोडक्यात हुकली म्हणून माझ्या क्लासच्या जिन्यात रडत बसलेली पोरगी. तुझ्या सल्ल्यानं ती पशुवैद्यक झाली, मग तुझ्याच प्रयोगशाळेत तुझी विद्यार्थिनी. या एका बाबतीत तरी मी तुझं ऐकलं.

परवा कार्यक्रम संपल्यावर पूजा मला आणि मावशींना प्रयोगशाळेत घेऊन गेली. तू गेल्यावर तिनं फ्रीझरातलं जुनं ग्रंथालय बाहेर काढून वाढवलं होतं. एवढी वर्षं, एवढं लोडशेडिंग, तिला वाटलं होतं मेलं असेल. नाही मेलं. ताटलीवर जिवाणूंचे शेकडो पांढरे ठिपके, प्रत्येकात चंद्रीचा एकेक तुकडा. तिनं काचपट्टी तयार ठेवली होती. मावशींनी भिंगाला डोळा लावला. "ही आपली चंद्री?" त्यांनी विचारलं. पूजा म्हणाली, "हाव आजी, चंद्रीच." मावशी म्हणाल्या, "उजाडल्यावानी दिसती की."

मग पूजानं फ्रीझरच्या तळातून एक छोटा डबा काढला. झाकणावर तुझं अक्षर. 'पहिलं ग्रंथालय. चुकलेलं. टाकू नये.' ती मला हळूच म्हणाली, "मॅडम, हे काय करू?" चार महिन्यांचं ते वाया गेलेलं काम तू जपून ठेवलं होतंस. मी मावशींना सांगितलं, "मावशी, ह्यात रत्ना आहे." त्यांना कसं समजावू कळत नव्हतं, पण त्यांना समजावायला लागलं नाही. त्यांनी डब्यावर बोट ठेवलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"लई गार हाय की गं. इतक्या गारठ्यात ठेवली व्हय माझ्या लेकराला? एखादी वाकळ तरी घालायची."

मला राहवलं नाही. तिथंच, पूजासमोर, मी सांगून टाकलं. "मावशी, मी तेव्हा रत्ना उठली की स्टूल पुसायची."

"ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "तिनं सांगितलं हुतं."

"काय म्हणाली?"

"म्हनली, आय, ती पुसती, पन लाजती बी. एक दिस न पुसता बसंल. मंग मीच इचारलं, बसली का? तर म्हनली, बसली. चंद्री दिसली त्याच दिशी." मावशींनी माझ्या गालावरचं पाणी आपल्या पदरानं टिपलं. "तिनं दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या मला. चंद्री दिसली आन माधुरी बसली. कोनत्या गोष्टीनं जास्त हरकली हुती, मला न्हाई कळलं."

रत्ना, चुकलं माझं. हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं, तू वाटही बघितली नाहीस. मावशींनी पिशवीतून शिवायला घेतलेला एक हातभर वाकळीचा तुकडा काढला, तुझ्या जुन्या साडीचा, आणि पूजानं नियमाबियमाचा विचार न करता तुझा डबा त्यात गुंडाळून चंद्रीच्या शेजारी ठेवला.